स्फोट गुरुवारी, मतदान रविवारी: दहशतवादी हल्ल्याने देशाची निवडणूक फिरते का?

१० नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका गाडीत स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बिहारमध्ये विधानसभेच्या दुसऱ्या टप्प्याचं मतदान होतं. अशा वेळी मृतांचा आकडा पक्का व्हायच्या आधीच एक प्रश्न फिरायला लागतो: आता याचा फायदा कोणाला? ऐकायला तो बरा वाटत नाही, पण त्यात चूक काही नाही. काही माणसं मारून कोट्यवधी लोकांचा कौल बदलता येत असेल, तर ते आपल्याला माहीत असायला हवं.

बिहारची निवडणूक राज्याची होती, म्हणून ती बाजूला ठेवू. देशाच्या निवडणुकीबद्दल चर्चेत दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, हल्ला झाला की लोक सरकारच्या मागे उभे राहतात, बघा पुलवामा. दुसरं म्हणतं, हल्ला झाला की लोक सरकारला घरी पाठवतात; बघा माद्रिद. दोन्ही उत्तरांना पुरावा आहे आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मग काहीतरी तिसरंच ठरवत असलं पाहिजे.

## घरावर दगड आला की

एकत्र कुटुंबात भावाभावांचं पटत नाही, वाटणीवरून बोलणं बंद आहे. अशात रात्री कोणीतरी घरावर दगड मारला, तर सगळे भाऊ अंगणात धावतात आणि थोरल्याच्या मागे उभे राहतात. तेव्हा वाटणीचा विषय कोणी काढत नाही. पण दगड मारणारा पळाला, जरा शांत झालं, की कोणीतरी विचारतंच: फाटक उघडं कोणी ठेवलं होतं? आणि फाटक लावणं थोरल्याचं काम असेल, तर मघाशी त्याच्या मागे उभे राहिलेलेच त्याला जाब विचारतात.

पहिल्या प्रतिक्रियेला राज्यशास्त्रात ‘झेंड्याभोवती गोळा होणं’ म्हणतात. अमेरिकी अभ्यासक जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये ती मांडली. तिचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे ११ सप्टेंबर २००१. हल्ल्याच्या आधीच्या आठवड्यात गॅलपच्या जनमत चाचणीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कामावर ५१ टक्के अमेरिकी समाधानी होते, त्याच महिन्याच्या अखेरीस ९० टक्के. बुश यांनी दोन आठवड्यांत असं काही केलं नव्हतं की चाळीस टक्के लोकांचं मत पालटावं. लोक अंगणात आले होते, एवढंच.

दुसरी प्रतिक्रिया जाब विचारण्याची. ती सावकाश येते, पण आली की टिकते. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्ष ओलांद यांची लोकप्रियता वर गेली, मग पुन्हा घसरली, आणि वर्षभरात त्यांनी स्वतःच जाहीर केलं की आपण पुढची निवडणूक लढवणार नाही. त्यामागे बेरोजगारीसकट इतर कारणं पुष्कळ होती. पण हल्ल्यानंतर मिळालेली सहानुभूती साठवून ठेवता येत नाही, हे त्यातून दिसलं.

शिवाय एक तिसरी गोष्ट असते. मतदारांच्या मनात काही पक्ष ‘कडक’ म्हणून आधीच बसलेले असतात. महागाई आणि नोकऱ्यांवर चाललेली चर्चा हल्ल्यामुळे सुरक्षेवर आली, की असा पक्ष सत्तेत असो वा नसो, त्याला आयतं मैदान मिळतं.

मतदानाच्या दिवशी या तिन्हींपैकी कोणती ओढ जोरात आहे, यावर निकाल अवलंबून. ती ओढ ठरते कशी, हे माद्रिदमध्ये जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसरीकडे कुठे क्वचितच दिसलं असेल.

## माद्रिदचे तीन दिवस

११ मार्च २००४, गुरुवार. सकाळी साडेसातच्या सुमारास माद्रिदच्या चार लोकल गाड्यांमध्ये काही मिनिटांत दहा बॉम्ब फुटले. अतोचा स्थानक, एल पोसो, सांता एउखेनिया. वेळ कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीची. मृतांची संख्या १९० च्या वर गेली, जखमी हजारोंच्या घरात. लोकल गाड्यांमध्ये एकामागून एक असे बॉम्ब फुटणं मुंबईकरांना दोन वर्षांनी, ११ जुलै २००६ ला पाहायचं होतं.

रविवारी, १४ मार्चला, स्पेनच्या संसदेची निवडणूक होती. सत्तेत होता पॉप्युलर पार्टी हा उजवा पक्ष. पंतप्रधान होसे मारिया अझनार पुन्हा उभे राहणार नव्हते. त्यांच्या जागी मारियानो राहोय. समोर समाजवादी पक्षाचे होसे लुईस रोद्रिगेस झापातेरो. शेवटच्या चाचण्यांत सत्ताधारी चार-पाच टक्क्यांनी पुढे होते. ३५० जागांच्या सभागृहात त्यांना एकट्याला १७६ चा आकडा गाठता येईल का, यावर चर्चा होती. ते हरतील का, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नव्हतं.

स्फोट होताच सरकारने नाव घेतलं ‘एटा’चं. एटा म्हणजे बास्क प्रांताच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना; तिने काही दशकांत ८०० हून अधिक माणसं मारली होती. पहिला संशय तिच्यावर जाणं साहजिकच होतं. त्याच सकाळी खुद्द बास्क प्रांताच्या सरकारप्रमुखांनीही एटालाच दोषी धरलं. आदल्या महिन्याच्या अखेरीस एटाची स्फोटकांनी भरलेली गाडी पोलिसांनी राजधानीकडे येताना पकडली होती. तेव्हा पहिल्या काही तासांचा दोष मी सरकारला देणार नाही.

गोष्ट बिघडली ती नंतर. अल्काला दे एनारेस या गावात स्थानकाजवळ एक पांढरी रेनो व्हॅन सापडली; आत डिटोनेटर आणि कुराणातल्या आयतींची कॅसेट. न फुटलेल्या एका बॅगेतला मोबाइल आणि त्यातलं सिमकार्ड पोलिसांना वेगळ्याच दिशेने घेऊन गेलं. तरीही गृहमंत्री आंखेल आसेबेस पुन्हा पुन्हा सांगत राहिले की मुख्य संशय एटावरच आहे. अझनार यांनी स्वतः मोठ्या दैनिकांच्या संपादकांना फोन केले होते. परराष्ट्र मंत्रालयाने राजदूतांना एटाचं नाव घ्यायला सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने हल्ल्याच्या दिवशीच केलेल्या निषेधाच्या ठरावातही एटाचं नाव आहे.

सरकार एवढं का अडून बसलं, याचं उत्तर कोणाही मतदाराला देता येत होतं. हल्ला एटाचा असेल, तर एटाशी कडक वागणाऱ्या सरकारची भूमिका बरोबर ठरते. हल्ला अल-कायदाच्या धाटणीच्या गटाचा असेल, तर लगेच आठवतं इराक. अझनार यांनी २००३ मध्ये बुश आणि ब्लेअर यांच्या शेजारी उभं राहून इराक युद्धाला पाठिंबा दिला आणि पुढे १,३०० च्या आसपास सैनिक तिकडे पाठवले. हे सगळं स्पॅनिश जनतेतल्या फार मोठ्या बहुमताच्या विरोधात. म्हणजे स्फोट एकच, पण तो कोणी केला यावर मतं कुठल्या बाजूला जाणार ते ठरत होतं.

शुक्रवारी देशभर निषेधाचे मोर्चे निघाले. एक कोटीहून जास्त माणसं रस्त्यावर. ही पहिली ओढ, सगळे अंगणात. पण त्या मोर्च्यांतच लोक विचारू लागले होते: हे केलं कोणी? शनिवार हा स्पेनमध्ये ‘विचाराचा दिवस’ असतो; प्रचाराला बंदी. त्या दिवशी मोबाइलवरून एक संदेश फिरला, शेवटी ‘पुढे पाठवा’ असं लिहिलेला. संध्याकाळी सत्ताधारी पक्षाच्या कचेरीसमोर हजारो लोक जमले. घोषणा होती, मत देण्याआधी आम्हाला सत्य हवंय. त्याच संध्याकाळी गृहमंत्र्यांना सांगावं लागलं की बॅगेतल्या मोबाइलवरून काहींना अटक झाली आहे आणि त्यात मोरोक्कोचे नागरिक आहेत. मध्यरात्रीनंतर अल-कायदाच्या नावाने हल्ल्याची जबाबदारी घेणारी चित्रफीत सापडल्याची घोषणा. आणि काही तासांत मतदान केंद्रं उघडली.

निकाल: समाजवादी १६४, पॉप्युलर पार्टी १४८. चार वर्षांपूर्वी हेच आकडे १२५ आणि १८३ होते.

मतांचा हिशेब जागांपेक्षा जास्त बोलका आहे. सत्ताधाऱ्यांची मतं २००० च्या तुलनेत साडेपाच लाखांच्या आसपास घटली. समाजवाद्यांची मात्र तीस लाखांहून जास्त वाढली. मतदान ६९ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांच्या जवळ गेलं. म्हणजे सरकारचे मतदार मोठ्या संख्येने फिरले असं नाही. जे घरी बसले असते, ते बाहेर पडले; तरुण आणि कंटाळून मतदान सोडून दिलेले डावे मतदार त्यात पुष्कळ होते.

## पण झापातेरो तसेही जिंकले असते ना?

हा आक्षेप मोलाचा आहे. शेवटच्या दिवसांत दोन पक्षांमधलं अंतर कमी होत होतं, असं तेव्हाही म्हटलं जात होतं. स्पेनमध्ये मतदानाआधी पाच दिवस चाचण्या छापायला बंदी असल्यामुळे लोकांसमोर ताजा आकडाच नव्हता. मग हल्ला झाला नसता तर काय झालं असतं, हे कळणार कसं? त्यासाठी हल्ला न झालेला दुसरा स्पेन लागेल.

होसे गार्सिया मोंताल्वो या स्पॅनिश अर्थतज्ज्ञाने तो शोधून काढला, आणि ही युक्ती मला फार आवडते. परदेशात राहणारे स्पॅनिश नागरिक टपालाने आगाऊ मत देतात. ११ मार्चच्या सकाळपर्यंत त्यांची मतं पाकिटात बंद झाली होती. देशात राहणाऱ्यांनी मत दिलं हल्ल्यानंतर. निवडणूक तीच, उमेदवार तेच. एका गटाला हल्ला ठाऊक नव्हता, दुसऱ्याला होता. अशा आपसूक घडलेल्या तुलनेला ‘नैसर्गिक प्रयोग’ म्हणतात.

अर्थात, ब्यूनोस आयर्समध्ये राहणारा स्पॅनिश माणूस आणि सेव्हियात राहणारा माणूस सारखे नसतात. म्हणून मोंताल्वो यांनी मागच्या निवडणुकांत या दोन गटांच्या मतांमध्ये किती अंतर असायचं ते पाहिलं, आणि २००४ मध्ये ते नेहमीपेक्षा किती बदललं तेवढंच मोजलं. त्यांचा निष्कर्ष: हल्ला झाला नसता तर पॉप्युलर पार्टी जिंकली असती.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. हो, राष्ट्रीय निवडणूक फिरू शकते. पण ही पद्धत काय सांगत नाही, तेही पाहायला हवं. पाकिटात बंद झालेल्या मतांना बॉम्ब ठाऊक नव्हता, तसं ते तीन दिवसही ठाऊक नव्हते. फिरवलं कशाने? मृतदेहांनी, इराकच्या आठवणीने, की गृहमंत्र्यांच्या पत्रकार परिषदांनी? आकडे हे वेगळं करून देत नाहीत.

थोडा उजेड पडतो तो चार वर्षांनंतरच्या घटनेतून. ९ मार्च २००८ ला स्पेनमध्ये पुन्हा निवडणूक होती. ७ मार्चला एटाने बास्क प्रांतात समाजवादी पक्षाच्या एका माजी नगरसेवकाला घराबाहेर गोळ्या घातल्या. मतदानाला दोन दिवस. सगळ्या पक्षांनी प्रचार थांबवला, एकत्र निषेध केला. कोणी केलं याबद्दल गोंधळ नव्हता, सरकारने लपवण्यासारखंही काही नव्हतं. निकाल चाचण्यांनी सांगितला होता जवळपास तसाच लागला. समाजवादी १६९ जागांसह पुन्हा सत्तेत. एका खुनाची तुलना जवळपास दोनशे मृत्यूंशी करता येत नाही, हे मान्य. तरी माझं मत असं बनलं आहे की २००४ मध्ये बॉम्बने निवडणूक उघडी केली आणि सरकारच्या तोंडाने ती बंद केली. अझनार शुक्रवारी सकाळी ‘कोणी केलं ते अजून ठाऊक नाही, कळेल तसं सांगू’ एवढं बोलले असते, तर कदाचित राहोय तेव्हाच पंतप्रधान झाले असते. त्यांना पुढे पावणेआठ वर्षं थांबावं लागलं.

## अशी तुलना आपल्याकडे करता येईल?

मोह होतो खरा, कारण आपल्याकडे मतदान टप्प्याटप्प्याने होतं. १९९१ हे उदाहरण तर हाताशीच आहे. २० मे रोजी लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचं मतदान झालं. २१ मेच्या रात्री श्रीपेरुंबुदूरला एलटीटीईच्या आत्मघाती हल्लेखोर स्त्रीने राजीव गांधींचा बळी घेतला. उरलेलं मतदान पुढे ढकलून १२ आणि १५ जूनला झालं. काँग्रेसची कामगिरी पहिल्या टप्प्यात वाईट, नंतर कितीतरी चांगली. एकूण जागा २३२, आणि नरसिंह राव पंतप्रधान.

सहानुभूतीची लाट आली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘आधीचा टप्पा वजा नंतरचा टप्पा म्हणजे लाट’ असा हिशेब केला की गडबड होते. पहिल्या टप्प्यात उत्तर प्रदेशातल्या अनेक जागा होत्या, जिथे मंदिर आणि मंडलच्या राजकारणात काँग्रेसचा पायाच खचला होता. जूनमध्ये मत देणाऱ्यांत तामिळनाडू होता, जिथे जयललितांशी युती होती आणि युतीने सगळ्याच्या सगळ्या ३९ जागा घेतल्या. त्या युतीचा जोर हल्ल्याआधीही कमी नव्हताच. दोन टप्प्यांत फक्त तारीख बदलली नव्हती, मतदारच वेगळे होते. माद्रिदच्या पाकिटांसारखी साफ तुलना इथे मिळत नाही. बिहारच्या दोन टप्प्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

## म्हणजे दहशतवाद्यांना हवं ते मिळालं?

स्पेनवर हा आरोप तेव्हा युरोप-अमेरिकेत जोरात झाला: घाबरून सरकार बदललं, सैन्य मागे घेतलं. झापातेरो यांनी शपथ घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी इराकमधून सैन्य माघारीची घोषणा केली, हे खरंच आहे. पण ते आश्वासन हल्ल्याच्या कितीतरी आधीचं होतं. अफगाणिस्तानातून त्यांनी सैन्य काढलं नाही. उलट तिथली कुमक वाढवली.

आणि ज्यांना ‘हवं ते मिळालं’ म्हणायचं, ते थांबलेही नाहीत. २ एप्रिलला माद्रिद-सेव्हिया वेगवान रेल्वेच्या रुळांवर बॉम्ब सापडला. ३ एप्रिलला लेगानेस या उपनगरात पोलिसांनी वेढल्यावर त्याच गटातल्या सात जणांनी घरात स्फोट घडवून स्वतःला संपवलं. एक पोलीसही त्यात गेला. समाजवादी तेव्हा निवडणूक जिंकून बसले होते.

कोणाला काय हवं असतं, हेही वाटतं तितकं सरळ नसतं. इस्रायलमध्ये पाहा. नोव्हेंबर १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांची हत्या झाल्यावर त्यांच्या जागी आलेले शिमोन पेरेस मोठ्या आघाडीवर होते. फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये जेरुसलेम, अश्केलोन आणि तेल अवीवमध्ये आत्मघाती स्फोटांची रांग लागली. साठच्या आसपास माणसं गेली. २९ मेच्या निवडणुकीत उजव्या पक्षाचे नेतान्याहू एक टक्क्यापेक्षाही कमी फरकाने, तीस हजारांच्या आतबाहेर मतांनी जिंकले. स्फोट घडवणाऱ्या हमासला इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधला ओस्लो शांतता करार मोडायचा होता. त्यांच्याशी सगळ्यात कडक बोलणारा माणूस निवडून आला आणि करार रखडला. शत्रूच्या घरातला जहाल माणूस जिंकणं, हेच काही वेळा हल्लेखोराच्या सोयीचं असतं. (१९९६ मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती: एप्रिलमध्ये लेबनॉनच्या काना गावात इस्रायली तोफांच्या माऱ्यात शंभरहून जास्त नागरिक मेले आणि इस्रायलमधले बरेच अरब मतदार पेरेस यांच्यापासून दुरावले. एवढ्या कमी फरकात हे कारणही निकालाला पुरेसं होतं.)

इस्रायलच्या मतदारांवर अभ्यासही बारकाईने झाले आहेत. क्लोद बेरेबी आणि एस्तेबान क्लोर यांनी गावागावांची मतं तपासली. निवडणुकीच्या आधीच्या तीन महिन्यांत ज्या गावात हल्ला झाला, तिथे उजव्या गटाची मतं सरासरी १.३५ टक्क्यांनी वाढली. आकडा छोटा दिसतो. पण इस्रायलमध्ये निवडणुका याहून कमी फरकाने ठरतात. नंतरच्या एका अभ्यासात गाझातून येणाऱ्या रॉकेटांच्या टप्प्यात असलेली गावं आणि टप्प्याबाहेरची गावं यांची तुलना केली. टप्प्यातल्या गावांत उजव्यांना दोन ते सहा टक्के जास्त मतं होती. यावरून दिसतं की कल थोडाच सरकतो, आणि निवडणूक अटीतटीची असेल तेव्हाच तो निकाल बदलतो.

## मग मुंबईत उलटं का झालं?

‘जिथे हल्ला, तिथे कडक पक्षाला मतं’ हा इस्रायलचा धडा मुंबईला लावून पाहिला तर हिशेब जुळत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्ला सुरू झाला, २९ ला सकाळी ताजमधली कारवाई संपली. १६६ माणसं गेली. २७ तारखेला मध्य प्रदेशात मतदान झालं, २९ ला दिल्लीत. दिल्लीकर रांगेत उभे होते तेव्हा दूरचित्रवाणीवर ताजच्या घुमटाचा धूर होता. भाजपने वर्तमानपत्रांत पहिल्या पानांवर जाहिराती दिल्या की सरकार कमजोर आहे, दहशतवादाशी लढायला आम्हाला मत द्या. दिल्लीत काँग्रेस ७० पैकी ४३ जागा घेऊन तिसऱ्यांदा जिंकली, शीला दीक्षित पुन्हा मुख्यमंत्री. राजस्थान काँग्रेसने भाजपकडून घेतलं, मध्य प्रदेश भाजपने राखलं. राज्याचं मत राज्याच्या कारभारावर पडलं.

मग पाच महिन्यांनी लोकसभा. मुंबईतल्या सहाच्या सहा जागा काँग्रेस-राष्ट्रवादीने जिंकल्या. ताज, ट्रायडंट, सीएसटी, नरिमन हाऊस ज्या दक्षिण मुंबईत, तिथे मिलिंद देवरा लाखाहून जास्त मताधिक्याने आले. शिवसेनेचे मोहन रावले तिसरे, मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे. मेणबत्त्या घेऊन गेटवेला जमलेल्या गर्दीतून नवं राजकारण उभं राहील असं वाटत होतं. बँकर मीरा सन्याल अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि अनामत घालवून बसल्या.

याची तीन कारणं मला दिसतात, आणि तिसरं सगळ्यात वजनदार आहे. पहिलं, पाच महिने. तोवर आर्थिक मंदी, कर्जमाफी, रोजगार हमी हे विषय पुन्हा वर आले होते. दुसरं, जाब विचारला गेला होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले, ‘बडे बडे शहरों में’ या वाक्यानंतर राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबाही गेले. डिसेंबरमध्ये एनआयएचा कायदा झाला. फाटक उघडं ठेवणाऱ्याला बाजूला केलं की लोकांचा राग निम्मा होतो, हे राजकारण्यांना पक्कं ठाऊक असतं. (ऑक्टोबर २००९ मध्ये आघाडी विधानसभाही जिंकली आणि आबा पुन्हा गृहमंत्री झाले.)

तिसरं कारण अगदी गावठी गणिताचं: मनसे. ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या तीन हजारांहून कमी मतांनी हरले, उत्तर मुंबईत राम नाईक सहा हजारांहून कमी मतांनी. दोन्हीकडे मनसेच्या उमेदवाराने लाखाच्या वर मतं घेतली होती. राज ठाकरे तीन वर्षांपूर्वी बाहेर पडले नसते, तर ‘मुंबईने २६/११ ला काय उत्तर दिलं’ यावर आज आपण वेगळाच लेख वाचत असतो, आणि तोही तितक्याच ठामपणे लिहिलेला असता.

## आणि पुलवामा?

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले. फाटक कोणी उघडं ठेवलं, हा प्रश्न इथेही होता: एवढा मोठा ताफा, एवढी स्फोटकं. पण बारा दिवसांत बालाकोट झालं आणि चर्चेचा प्रश्नच बदलला. ‘हल्ला कसा होऊ दिला’ याऐवजी ‘उत्तर कोणी दिलं’. माद्रिदमध्ये सरकारच्या हातात तीन दिवस होते आणि ते त्याने घालवले. इथे मतदानाला आठ आठवडे होते आणि सरकारने ते पुरेपूर वापरले. ९ एप्रिलला लातूर जिल्ह्यात औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना विचारलं, तुमचं मत बालाकोट करणाऱ्या जवानांना, पुलवामाच्या शहिदांना समर्पित होईल का? सैन्याचा प्रचारात वापर करू नका असं निवडणूक आयोगाने महिनाभर आधी पक्षांना बजावलं होतं. औशाच्या भाषणाला आयोगाने आचारसंहितेचा भंग मानलं नाही. आयुक्त अशोक लवासा यांचं मत मात्र वेगळं होतं.

भाजप २८२ वरून ३०३ वर गेला. तो पुलवामामुळे गेला का? माझं प्रामाणिक उत्तर: काही प्रमाणात नक्की, किती ते सांगता येणार नाही. इथे सगळ्यांनीच घटनेनंतर मत दिलं, आधी बंद झालेलं पाकीट कोणाचंच नव्हतं. नेहमी दिला जाणारा पुरावा असा की डिसेंबर २०१८ मध्ये भाजप मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड हरला आणि पाच महिन्यांत तिथल्या लोकसभेच्या ६५ पैकी ६१ जागा त्याने जिंकल्या. मध्ये पुलवामा झालं. पण याच तीन राज्यांत २०१४ मध्ये त्याला ६२ मिळाल्या होत्या, पुलवामाशिवाय. तिथला मतदार विधानसभेला वेगळा आणि लोकसभेला वेगळा विचार करत होता, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

## कडक पक्षालाच फायदा, हे तरी पक्कं ना?

तेही नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये मँचेस्टरला २२ मेच्या रात्री २२ जण मारले गेले, ३ जूनला लंडन ब्रिजवर ८. मतदान ८ जूनला. कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हुजूर पक्षाला फायदा व्हायला हवा होता. पण मजूर पक्षाच्या कॉर्बिन यांनी विचारलं, सहा वर्षं गृहमंत्री असताना थेरेसा मे यांनी हजारो पोलिसांची पदं का कापली? फाटकाचा प्रश्न त्यांनी आकड्यात विचारला. हुजूर पक्ष ३१८ वर अडकला, बहुमत गेलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पहिल्या फेरीच्या तीन दिवस आधी शाँझेलिझेवर एका पोलिसाला मारलं गेलं. कडव्या उजव्या मारीन ल पेन यांना त्याचा लाभ होईल अशी भाकितं झाली. त्या २१ टक्क्यांवर राहिल्या, चाचण्यांनी दाखवलं होतं जवळपास तितक्याच.

## मग मतदानच पुढे ढकललं तर?

ऐन मतदानाच्या तोंडावर हल्ला झाला तर काही दिवस थांबावं, लोकांची डोकी शांत होऊ द्यावीत, ही सूचना नेहमी येते. आपल्या कायद्यात मतदान स्थगित करण्याची सोय आहे, आणि १९९१ मध्ये ते तीन आठवडे पुढे गेलंच होतं. पण त्या तीन आठवड्यांत देशाने राजीव गांधींची अंत्ययात्रा पाहिली, अस्थिकलश पाहिले. डोकी शांत झाली असं म्हणणं कठीण आहे.

न्यूयॉर्कमध्ये तर ११ सप्टेंबर २००१ हाच महापौरपदाच्या प्राथमिक फेरीच्या मतदानाचा दिवस होता. मतदान सुरू झालेलं होतं. ते थांबवलं आणि २५ सप्टेंबरला घेतलं. मधल्या दोन आठवड्यांत मावळते महापौर जुलियानी शहराचे नायक झाले. त्यांचा कार्यकाळच तीन महिने वाढवावा अशी मागणी पुढे आली आणि बारगळली. मग जुलियानी यांनी मायकल ब्लूमबर्ग यांना पाठिंबा दिला. ज्या शहरात डेमोक्रॅट मतदार रिपब्लिकनांच्या कितीतरी पट, तिथे रिपब्लिकन ब्लूमबर्ग नोव्हेंबरमध्ये जेमतेम दोन-अडीच टक्क्यांनी जिंकले, आणि पुढे बारा वर्षं महापौर राहिले.